दोन दफ्तरांमधली होडी

दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक संग्रामांची यादी करावयास बसले म्हणजे ती आपोआप दोन रकान्यांत विभागली जाते. एका रकान्यात स्टालिनग्राड, अल् अलामीन, कुर्स्क ही भूमीवरची नावे येतात. दुसऱ्यात मिडवे, लेटेचे आखात, अटलांटिकवरील सहा वर्षांचा झगडा ही जळावरची. परंतु सालेर्नो, टारावा, नॉर्मंडी अशी काही नावे यांपैकी कोणत्याही रकान्यात नीट बसत नाहीत. कारण तेथील लढाई धड समुद्रावर झाली नाही व धड जमिनीवरही झाली नाही, तर भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या दरम्यान जो काही शे यार्डांचा ओला पट्टा असतो, त्या पट्ट्यावर तिचा निकाल लागला. तो पट्टा ओलांडून माणसे, गाड्या व तोफा पलीकडे नेण्यासाठी जी एक सपाट तळाची, कुरूप, नाळेला दार असलेली होडी निर्माण झाली, तिचे कुळ व मूळ शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

हे कुळ सरळ नाही. तोफेला किंवा रणगाड्याला जशी एखादी सरकारी जन्मपत्रिका दाखविता येते, तशी या उतारनौकेला दाखविता येत नाही. आणि याचे कारण तिच्या कामाच्या स्वरूपातच आहे. आरमाराच्या दृष्टीने जहाज जमिनीला लागणे हा अपघात होय, किंबहुना कप्तानाची चौकशी व्हावी असा अपराध होय. फौजेच्या दृष्टीने समुद्र ही केवळ वाहतुकीची बाब, आणि तिची तजवीज दुसऱ्या खात्याने करावयाची. तेव्हा मुद्दाम जमिनीवर चढविण्यासाठीच बांधलेली नौका ही कल्पना एका दफ्तरात मूर्खपणाची आणि दुसऱ्या दफ्तरात परकी ठरत असे. अशा बेवारस जागी जे जन्माला येते, ते बहुधा दफ्तराबाहेरच्या माणसांच्या हातून येते; उतारनौकेचा इतिहास हा या विधानाचा विस्तार आहे.

पहिला पूर्वज अठराव्या शतकातला आहे. १७५७ साली इंग्रजांनी फ्रान्सच्या रोशफोर बंदरावर मोठी मोहीम काढली. परंतु आरमाराचे व फौजेचे सरदार मसलतीवर मसलती करीत राहिले आणि मुख्य भूमीवर पाऊलही न ठेवता ती मोहीम परत आली. या नाचक्कीनंतर दुसऱ्याच वर्षी खास सैन्य उतरविण्याकरिता सपाट तळाच्या, वल्ह्यांच्या होड्या बांधण्यात आल्या, आणि १७५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून इंग्रज सेनापती वुल्फचे शिपाई क्वेबेकच्या कड्याखाली उतरले ते अशाच होड्यांतून. युद्ध संपल्यावर मात्र या होड्यांचा वंश वाढला नाही. शांततेच्या काळात जहाजाला आरमाराचा खर्च मिळतो, तोफखान्याला फौजेचा मिळतो. दोघांच्या मधल्या होडीच्या नावे रक्कम घालावयाची कोणी, हा प्रश्न अनिर्णित राहिला की ती होडी कुजून जाते.

म्हणूनच १९१५ च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर जे ब्रिटिश सैन्य उतरले, ते जहाजांच्या साध्या उघड्या वल्हेकरी होड्यांतून उतरले. सेद-उल्-बहरजवळच्या 'व्ही' नामक पुळणीवर एक युक्ती योजलेली होती. 'रिव्हर क्लाइड' नावाचे कोळसा वाहणारे जुने जहाज, त्याच्या पोटात सुमारे दोन हजार शिपाई भरून, सरळ किनाऱ्यावर रुतवावयाचे, बाजूंना कापून ठेवलेल्या दारांतून शिपायांनी बाहेर पडावयाचे, आणि पुढे तराफ्यांच्या पुलावरून जमीन गाठावयाची, अशी ती योजना. जहाज ठरल्याप्रमाणे रुतले, पण अपेक्षेहून दूर. तराफे जागेवर राहीनात. कप्तान अन्विन स्वतः पाण्यात उतरून ते दोरांनी धरून उभा राहिला. आणि दारांतून एकामागून एक बाहेर पडणाऱ्या मन्स्टर व हॅम्पशायर पलटणींच्या शिपायांना तुर्कांच्या गोळ्यांनी त्या अरुंद फळ्यांवरच टिपून काढले. शेजारी उघड्या होड्यांतून येणाऱ्या डब्लिन पलटणीची गत याहूनही वाईट झाली.

विशेष हे की, या दुर्घटनेवरचा उतारा त्याच वेळी इंग्लंडमधील गोद्यांत तयार होत होता. नौदलप्रमुख लॉर्ड फिशर याने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोनशे स्वयंचलित, चिलखती पडावांची मागणी नोंदविली होती. त्यांच्या नाळेपुढे एक लांब उतरती फळी लोंबत असे व काळ्या रंगामुळे शिपाई त्यांना 'भुंगे' म्हणत. परंतु फिशरच्या डोळ्यांसमोर होता तो बाल्टिक समुद्र. गॅलिपोलीस हे भुंगे पोचले ते ऑगस्टमध्ये, सुव्हला येथील उतरणीच्या वेळी, जेव्हा मोहिमेचा बहुतेक निकाल लागून गेला होता. उपकरण होते, गरजही होती. त्या दोहोंची गाठ घालून देणारे दफ्तर मात्र नव्हते.

पराभवातून धडा घेतला जातो हे खरे, पण तो योग्यच असतो असे नाही. यंत्रबंदुकीच्या युगात समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर चढाई करणे अशक्य आहे, असा गॅलिपोलीचा अर्थ बहुतेक युरोपीय सेनापतींनी लावला आणि ते प्रकरण दाखल दफ्तर केले. अमेरिकेच्या मरीन दलास मात्र तसे करणे परवडणारे नव्हते; कारण आरमारात दुय्यम व फौजेच्या मानाने चिमुकले असे हे दल स्वतःच्या अस्तित्वासाठी कार्य शोधीत होते. त्यातील अर्ल एलिस नावाच्या एका विक्षिप्त पण तेजस्वी अधिकाऱ्याने १९२१ मध्येच जपानशी होणाऱ्या भावी युद्धाचा आराखडा लिहून, प्रशांत महासागरातील एकेक बेट हिसकावून घ्यावे लागेल असे भाकीत केले होते. दोन वर्षांनी तो जपानच्या ताब्यातील पलाउ बेटावर मरण पावला. १९३४ मध्ये क्वांटिको येथील मरीन विद्यालयाने वर्ग बंद ठेवून, गॅलिपोलीच्या एकेका चुकीची चिकित्सा करीत, किनाऱ्यावर उतरण्याच्या शास्त्राची संहिता सिद्ध केली. शास्त्र तयार झाले; त्या शास्त्राला शोभेल अशी होडी तेवढी नव्हती. ब्रिटनमध्ये १९३८ साली पोर्ट्स्मथजवळ तिन्ही दलांचे म्हणून एक लहानसे संशोधन केंद्र कप्तान मॉंड याच्या हाताखाली स्थापन झाले. उतारूंच्या बोटींवर जे दोरखंडी आकडे असतात त्यांना पेलेल, म्हणजे दहा टनांहून हलकी, व साधारण पस्तीस शिपाई नेईल अशी होडी त्याने थॉर्निक्रॉफ्ट कंपनीकडून करवून घेतली. डिएप व नॉर्मंडीच्या किनाऱ्यांवर ब्रिटिश आणि कित्येक अमेरिकन पलटणीही याच होडीतून उतरल्या.

आता कुळाची पूर्वेकडील शाखा पाहू. जपानमध्ये आरमार व फौज यांचे वैर इतके जुने व कडवे होते की, फौजेने आरमाराची मनधरणी करण्यापेक्षा स्वतःची जहाजे, स्वतःचे खलाशी व स्वतःच्या होड्या बाळगणेच पसंत केले. आणि या भाऊबंदकीतूनच, कोणी न योजता, जगातील पहिली खरीखुरी आधुनिक उतारनौका जन्मास आली. 'दाईहात्सु' या नावाने ओळखली जाणारी ही पंधरा यार्डांच्या आसपास लांबीची होडी किनाऱ्याला लागली की तिची सपाट नाळच खाली पडून तिचा उतार होई व शिपाई पाय ओले न करता धावत सुटत. १९३० नंतरच्या दशकात फौजेने 'शिन्शू मारू' हे असे जहाज बांधले की, ज्याच्या पोटातून या होड्या माणसांसह थेट पाण्यात सोडता येत. १९३७ मध्ये शांघायजवळ जपानी फौज उतरत असता व्हिक्टर क्रुलॅक या तरुण मरीन लेफ्टनंटाने दूरवेधी भिंगातून या होड्यांची छायाचित्रे टिपली व सविस्तर अहवाल वॉशिंग्टनला रवाना केला. तो पुढे सांगत असे की, दोन वर्षांनी तेथे बदली झाल्यावर आपला अहवाल त्याने शोधून काढला, तेव्हा चीनमधील कोणा माथेफिरूची ही करामत आहे अशा आशयाचा शेरा त्यावर मारलेला आढळला. मग त्याने हलक्या लाकडाची एक प्रतिकृती केली आणि ती हातात घेऊन वरिष्ठांचे उंबरे झिजविले.

वरिष्ठांनी ती चित्रे ज्याच्यापुढे ठेवली, तो अँड्रू जॅक्सन हिगिन्स हा नेब्रास्कात, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर जन्मलेला लाकडाचा व्यापारी होता. न्यू ऑर्लिन्सभोवती मिसिसिपीच्या मुखाशी पसरलेल्या खाजणांतून लाकूड बाहेर काढावयाचे, तर वीतभर पाण्यातून चालणारी, बुडालेल्या ओंडक्यांवर आदळली तरी न फुटणारी, चिखलाच्या काठावर चढून पुन्हा मागे सरकणारी होडी हवी. ती बाजारात मिळेना म्हणून त्याने ती स्वतः बनविली. तिची नाळ रुंद व वर उचललेली असून तिच्यात पाइनचा एक अखंड ठोकळा बसविलेला असे, आणि पंखा तळाखालच्या खोल पन्हाळीत दडविलेला असल्यामुळे तो वाळूत वा मुळांत अडकत नसे. पारधी, तेलविहिरींचे कामगार, किनारा-रक्षक दल ही त्याची गिऱ्हाइके. आणि दारूबंदीच्या काळात चोरटी दारू आणणारे व त्यांचा पाठलाग करणारे अशा उभयतांना त्याने बोटी पुरविल्या, अशीही त्याची ख्याती होती. आरमाराच्या बांधकाम खात्याला हा तोंडाळ, हेकट, मद्यप्रिय मनुष्य मुळीच आवडत नसे. खात्याने आखलेल्या होड्या मात्र परीक्षेत एकामागून एक नापास होत. १९४१ च्या मे महिन्यात हिगिन्सने जपानी पद्धतीची पडती नाळ आपल्या खाजणातल्या होडीला जोडून पॉंचरट्रेनच्या सरोवरावर ती चालवून दाखविली. पुढल्या वर्षी मेमध्ये नॉर्फोकजवळ खवळलेल्या समुद्रात खात्याची रणगाडा वाहणारी होडी व हिगिन्सची होडी यांची शर्यत झाली. खात्याची होडी पाणी भरून बुडण्याच्या बेतास आली, हिगिन्सची किनाऱ्यास लागली. सेनेटर ट्रुमन याच्या चौकशी-समितीने यावरून खात्याची जी कानउघाडणी केली, ती सरकारी कागदोपत्री नमूद आहे.

अशा रीतीने लुइझियानाचा चिखल आणि जपानी फौजेचा हट्ट यांच्या संकरातून ती छत्तीस फूट लांब, अकरा फुटांस किंचित कमी रुंद, थरांच्या लाकडाची होडी सिद्ध झाली. छत्तीस शिपाई किंवा एक जीप गाडी घेऊन ती अडीच-तीन फूट पाण्यात किनाऱ्याला टेकत असे, माल ओतून माघारी फिरत असे व दुसरी खेप आणीत असे. अशा होड्या वीस हजारांहून अधिक बांधल्या गेल्या. १९३८ मध्ये हिगिन्सच्या कारखान्यात शंभरही माणसे नव्हती. १९४३ मध्ये वीस हजारांवर होती, त्यांत स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीय होते, आणि वर्णभेदाच्या त्या दक्षिणेत समान कामास समान वेतन दिले जात होते. या एका माणसामुळे आपण युद्ध जिंकले, अशा अर्थाचे उद्गार आयझेनहॉवरने पुढे एका इतिहासकाराजवळ काढले.

माणसांची सोय झाली, तरी रणगाड्यांचे काय करावयाचे? या शाखेचा पूर्वज आणखी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. व्हेनेझुएलातील माराकैबो सरोवराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. तो ओलांडता यावा म्हणून तेथील तेलवाहू जहाजांचा तळ उथळ ठेवीत असत. ब्रिटिशांनी अशी तीन जहाजे घेऊन त्यांची नाळ कापली, तीत दार बसविले, आणि त्यांतून रणगाडे उतरविता येतात हे सिद्ध केले. परंतु जे जहाज किनाऱ्यासाठी उथळ असते ते महासागरात भरकटते, आणि जे महासागरात स्थिर असते ते किनाऱ्यापासून दूरच रुतते. १९४१ च्या नोव्हेंबरात अमेरिकन आरमाराच्या जॉन नीडरमेअर याने या विरोधाचा परिहार काही तासांत कागदावर उतरविला. पोटात मोठ्या टाक्या ठेवावयाच्या. प्रवासात त्या समुद्राच्या पाण्याने भरून जहाज खोल बसवावयाचे, किनारा जवळ येताच पाणी उपसून त्याला वर उचलावयाचे, म्हणजे नाळेपाशी चार फूट पाणीही पुरे होते. यावेळी तोडगा खात्याच्या आतूनच निघाला, हे नमूद करणे न्याय्य होईल. अशी १,०५१ जहाजे अमेरिकेत बांधली गेली, आणि त्यांतील पुष्कळशी समुद्राचे दर्शनही नसलेल्या, ओहायो व इलिनॉय नद्यांच्या काठच्या, मक्याच्या शेतांमध्ये उभारलेल्या कारखान्यांतून.

होडी मिळाली म्हणजे किनारा मिळाला असे मात्र नाही. १९ ऑगस्ट १९४२ रोजी डिएपवर जो छापा घालण्यात आला, त्यात सुमारे पाच हजार कॅनेडियन होते. त्यांपैकी नऊशेंहून अधिक ठार झाले. नौकांतून उतरलेल्या रणगाड्यांचे पट्टे तेथील गोट्यांच्या पुळणीत अडकले, आणि ज्यांनी समुद्रभिंत ओलांडली त्यांना शहरात शिरण्याची वाट काँक्रिटच्या अडथळ्यांनी बंद केलेली आढळली. पुळण वाळूची की गोट्यांची, हे नकाशावर लिहिलेले नसते. टारावाची कथा याहूनही बोलकी आहे. २० नोव्हेंबर १९४३ रोजी बेटिओ बेटाभोवतालच्या प्रवाळ-बांधावर हिगिन्सच्या होड्या अडकून पडल्या, कारण त्या दिवशी भांगाची भरती होती आणि बांधावर पुरेसे पाणी चढलेच नाही. मरीन शिपायांना पाचशेहून अधिक यार्ड छातीभर पाण्यातून गोळीबार झेलीत चालावे लागले. त्या बेटांवर पंधरा वर्षे राहिलेल्या मेजर हॉलंड याने बांधावर तीन फुटांहून अधिक पाणी मिळणार नाही असे आधीच बजावले होते. तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकन कामी आले. जे त्या दिवशी तरले ते एका पट्टेवाल्या जलस्थलचर गाडीमुळे. आणि ही गाडीदेखील फौजेने कल्पिलेली नव्हती. ब्रुकलिनचा पूल बांधणाऱ्या रोब्लिंगच्या नातवाने फ्लोरिडाच्या दलदलीत वादळग्रस्तांच्या सुटकेसाठी ती बनविली होती, आणि आरमाराला तिचा पत्ता लागला तो १९३७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात तिची चित्रे छापून आली तेव्हा.

या दोन धड्यांची किंमत नॉर्मंडीत वसूल झाली. १९४३ सालच्या अखेरच्या रात्री स्कॉट-बाउडन व ऑग्डन-स्मिथ हे दोन ब्रिटिश सैनिक फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहत गेले आणि जर्मन पहाऱ्याच्या सावलीत गिरमिटाने वाळूचे नमुने काढून घेऊन परतले. तेथील वाळूखाली मऊ पीट माती असून रणगाडे रुततील अशी शंका शास्त्रज्ञांनी काढली होती, तिचा उलगडा करावयाचा होता. ६ जून १९४४ रोजी चार हजारांवर उतारनौकांनी व उतारजहाजांनी सुमारे १,३२,००० माणसे समुद्रमार्गे त्या किनाऱ्यावर पोचविली. मूळ मुहूर्त मे महिन्याचा होता. तो पुढे ढकलण्याचे एक प्रमुख कारण असे की, आणखी एका महिन्याचे होड्यांचे उत्पादन पदरात पाडून घ्यावयाचे होते. राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान व सेनापती यांच्या मसलतींना या काळात एकच हिशेब बांधून ठेवीत असे: कोणत्या समुद्रात किती होड्या आहेत.

त्या हिशेबाची झळ हिंदुस्थानच्या समुद्रालाही लागली. अंदमान बेटांवर चढाई करण्याचे वचन नोव्हेंबर १९४३ मध्ये कैरो येथे च्यांग कै-शेक याला देण्यात आले आणि तेहरानच्या भेटीनंतर काही दिवसांतच मागे घेण्यात आले. माउंटबॅटनच्या हाताखालच्या होड्या युरोपकडे वळविण्यात आल्या. तरीही तयारी थांबली नव्हती. पुण्याजवळ खडकवासल्याच्या तलावावर, जेथे समुद्राची भरती नाही की ओहोटी नाही, पलटणींना होडीतून चढण्या-उतरण्याचे शिक्षण दिले जात होते. राजशाही हिंदी नौदलाने रामेश्वराच्या अलीकडे मंडपम् येथे १९४३ मध्ये 'हमलावर' नावाची उतारनौकांची पाठशाळा काढली, ती पुढे मुंबईच्या उपनगरात हलविण्यात आली. १९४५ च्या जानेवारीत अक्याब, म्येबॉन, राम्री, कांगॉ अशा आराकानी किनाऱ्यावरील उतरणींच्या वेळी हिंदी डिव्हिजनी कांदळवनांतून, खाड्यांतून व कमरभर चिखलातून पुढे सरकल्या. हिगिन्सच्या होडीच्या जन्मभूमीला साजेसाच तो प्रदेश होता. मलायातील मोरिबच्या किनाऱ्यावरची मोठी उतरण मात्र जपानने शरणागती दिल्यानंतर सप्टेंबरमध्ये झाली, आणि गाड्या तेथील मऊ भूमीत अशा काही रुतल्या की, शत्रू लढत असता तर काय झाले असते याची कल्पना पाहणाऱ्यांना सहज आली.

युद्ध संपताच जुने वळण पुन्हा दिसू लागले. हिगिन्सचा कारखाना मोडकळीस आला आणि १९५२ मध्ये तो स्वतः वारला. अमेरिकेचा वरिष्ठ सेनानी जनरल ब्रॅडली याने १९४९ च्या ऑक्टोबरात प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे जबानी दिली की, समुद्रातून मोठ्या प्रमाणावर सैन्य उतरविण्याचा प्रसंग यापुढे येणार नाही. वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १५ सप्टेंबर १९५० रोजी, कोरियातील इंचॉन येथे, जेथे भरती-ओहोटीत तीस फुटांचा फरक पडतो, तेथे उतारजहाजे ओहोटीबरोबर चिखलात मुद्दाम बसवून रात्रभर तशीच ठेवण्यात आली व त्यांतून निघालेल्या सामग्रीवर युद्धाचे पारडे फिरले. त्या ताफ्यातील बहुसंख्य रणगाडा-वाहू जहाजांवरचे खलाशी जपानी होते. शांघायची शाखा व न्यू ऑर्लिन्सची शाखा अशा रीतीने एकाच जहाजावर नांदू लागल्या.

आपल्या नौदलास या वंशातील पहिले जहाज १९४९ मध्ये ब्रिटनकडून मिळाले. त्याचे नाव 'मगर' ठेवण्यात आले. १९७१ च्या डिसेंबरात कॉक्सबझारच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविताना याच वंशातले एक जहाज वाळूच्या दांड्याला टेकले, दांड्यापलीकडे खोल पाणी लागले, आणि काही गुरखे जवान त्यात बुडाले. दोन खात्यांमधील भिंत तोवर पाडली गेली होती. किनाऱ्याच्या तळाची माहिती मात्र कोणत्याही खात्याला वारशाने मिळत नाही, ती दर वेळी नव्याने पोहून आणावी लागते. 'हमलावर'चे पुढे 'हमला' झाले आणि ते केंद्र आज मालाडजवळ मार्वे येथे आहे. तेथे आता नौदलाच्या पुरवठा व हिशेब शाखेचे शिक्षण दिले जाते. ज्या होडीला क्वेबेकपासून गॅलिपोलीपर्यंत दीडशे वर्षे कोणत्याही वहीत खाते नव्हते, तिच्या हिंदी पाठशाळेत वह्या लिहिण्याचा अभ्यासक्रम चालावा, हे त्या होडीचे सनदशीर होणेच म्हणावयाचे.